न वाचलेली बातमी

आमच्या आप्पांची शेवटची इच्छा अगदी साधी होती. मेल्यावर चाळीतल्या चौघांनी खांद्यावरून न्यावं, म्युनिसिपालटीच्या गाडीत घालू नये, एवढीच. ती पुरी झाली नाही, आणि माझ्या तोंडामुळे झाली नाही. आता ऐंशीच्या घरात आल्यावर लपवाछपवी कुणासाठी करायची, म्हणून आधीच सांगून टाकते.

आप्पा म्हणजे माझे वडील. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि लालबागच्या चाळीत येऊन राहिले. चाळ त्यांना सुभेदारच म्हणायची. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही दोघंच. मी परळच्या एका शाळेत मास्तरीण होते. आप्पा घर बघायचे. मासे साफ करण्यापासून शर्टाला बटण लावण्यापर्यंत सगळं त्यांना यायचं आणि माझ्यापेक्षा चांगलं यायचं. मला फक्त बोलता यायचं.

तरुणपणी ते कोकणातून रंगूनला गेले होते, गोदीत कारकुनी करायला. जपानी आले तेव्हा जंगल तुडवत पायी परत आले. तिकडची भाषा बोलणारा, तिकडच्या वाटा ठाऊक असलेला माणूस लष्कराला हवाच होता. त्यांनी आप्पांना भरती केलं, शिकवलं आणि परत तिकडेच पाठवलं, सुक्या मासळीचा व्यापारी म्हणून. कुठल्या गावात किती शिपाई, कुठला पूल शाबूत, तांदूळ कुठे साठवलाय, हे नुसतं बघायचं, कागदावर एक अक्षर न उतरवता लक्षात ठेवायचं आणि परत येऊन सांगायचं. पुढे सुभेदार झाल्यावर शंभर-सव्वाशे माणसं त्यांच्या एका शब्दावर उठायची-बसायची. त्याबद्दल ते कधीमधी बोलत. मासळीवाल्या दिवसांबद्दल मात्र ते माझ्यापाशी एकदाच बोलले.

त्यांच्याबरोबर एक जोडीदार होता. तो तापाने वाटेतच गेला. जाळावं तर धूर दिसेल, पुरावं तर खणायला वेळ नाही. आप्पांनी त्याच्यावर केळीची पानं टाकली आणि ते पुढे चालू लागले. "मागं वळून बघितलं नाही," ते म्हणाले, "बघायचं नाही असं शिकवलेलं." मग म्हणाले, "मला मात्र चौघांनी न्या. या चाळीतल्याच चौघांनी." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता. चाळीत कुणी गेलं की सगळ्या मजल्यांवरची माणसं धावत, गिरणीतली पाळी चुकवून येत. चारच्या जागी चाळीस खांदे मिळत. ही काय मागायची गोष्ट होती?

त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गिरणगाव पेटलेलं होतं. आज मोर्चा, उद्या हरताळ, कुठे लाठीमार, कुठे गोळीबार. ज्या घरातला पोरगा घरी परतला नसेल त्या घराच्या दारात बायका संध्याकाळपर्यंत बसून राहायच्या. आमच्या चाळीतून प्रत्येक मोर्चाला माणसं जायची. आप्पा एकदाही गेले नाहीत. त्यांच्या वयाची, त्यांच्याहून थकलेली माणसं जायची आणि आमचे सुभेदार गॅलरीत भिंतीला पाठ लावून पेपर वाचत बसायचे. मला त्याची लाज वाटायची. मी एकदा विचारलंही. ते म्हणाले, "गर्दीत गेलो की मला प्रत्येक चेहरा लक्षात राहतो. ती खोड जात नाही. लक्षात राहिलं की कुणी विचारलं तर बाहेर पडण्याची भीती." मला ते पळवाट काढल्यासारखं वाटलं.

चाळीच्या सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी आम्ही बायका गॅलरीत शिऱ्यासाठी रवा चाळत बसलो होतो. शेजारच्या काकी माझ्या समोर होत्या. मालवणकडच्या, तोंडाच्या फटकळ आणि मनाच्या मोकळ्या. त्यांचा मुलगा गिरणीत होता, चाळीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा आणि चळवळीत पुढे असायचा. त्या आठवड्यात त्याच्या पाठीवर लाठी बसली होती.

काकी चाळण हलवता हलवता म्हणाल्या, "तुझो बापूस पलटणीतलो मां गो? मगे मोर्चाक कित्याक येणा नाय? आमचो झील लाठी खावन इलो."

सगळ्या हसल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "आमच्या आप्पांना नका शिकवू काकी. लढाईत ते गुप्त खात्यात होते!"

चाळण्या थांबल्या. मला वाटलं, बसला वचक. मी आणखी ताठ बसले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला अक्कल बेताचीच होती.

आमच्या गिरणगावात त्या वर्षांत 'गुप्त खातं' म्हणजे एकच. साध्या कपड्यातला पोलीस. कोण कुठे पत्रकं वाटतो, कोण कुणाकडे लपतो, ते चौकीवर पोचवणारा. मी 'लढाईत' म्हटलं होतं, तो शब्द पहिल्या मजल्यापर्यंतच गळून पडला. 'होते' म्हटलं होतं, त्याचं तळमजल्यावर पोचेपर्यंत 'आहेत' झालं. रोज पोरांना काळ शिकवणारी मी, माझ्याच क्रियापदाचा काळ चाळीने बदलला आणि मला पत्ताही लागला नाही.

मग आप्पांच्या सगळ्या सवयींना अर्थ फुटले. ते रोज एकाच जिन्याने उतरत नसत, कधी पुढच्या, कधी मागच्या. ती जुनी खोड होती. ते बसत ते कायम भिंतीला पाठ लावून, जिथून दोन्ही जिने दिसतील असे. कुणाशी बोलताना फारसं सांगत नसत, ऐकून घेत. आधी लोक या सवयींची गंमत करायचे. आता ते आप्पा दिसले की बोलणं बदलायला लागले.

दोन रविवारांनी चाळीखाली जीप थांबली. एक पोलीस अधिकारी आमच्या खोलीत आले आणि आप्पांना कडक सॅल्यूट ठोकून खुर्चीवर बसले. माझं बोलणं फिरत फिरत तिथपर्यंत गेलं होतं की त्यांना पेन्शनच्या कागदांवरून कळलं होतं, ते देव जाणे. मी फळीच्या आडोशामागे चहा गाळत होते आणि सगळं ऐकत होते.

"सुभेदारसाहेब, तुमच्यासारखा माणूस इथे राहतो हे आमचं नशीब," अधिकारी म्हणाले. "तुम्ही काही करायचं नाही. फक्त डोळे उघडे ठेवायचे. कोण येतं, कोण जातं, पत्रकं कुठे असतात. माझा माणूस आठवड्याने येऊन जाईल."

आप्पा हसले. "साहेब, उशीर केलात. डोळे गेले माझे. तुम्ही समोर बसलाय तेसुद्धा आवाजावरून कळतंय."

माझ्या हातावर चहा सांडला. मी तशीच बाहेर गेले. आप्पांनी कप घ्यायला हात पुढे केला तो बशीच्या बाजूला गेला, मग चाचपडत कपाला लागला आणि गरम चहा त्यांच्या मांडीवर उलटला. ते ओरडले नाहीत. अधिकाऱ्यांनी थोडा वेळ त्यांच्याकडे निरखून पाहिलं, "काळजी घ्या" म्हणाले आणि गेले. खाली जीपपर्यंत पोचवायला आप्पा भिंतीला हात लावत गेले, आणि ते अख्ख्या चाळीने पाहिलं.

वर आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. कधीपासून दिसत नाही? मला का नाही सांगितलं? सकाळीच तर पेपर वाचत होतात! ते म्हणाले, "पेपर हातात धरून बसायचो. दोन-तीन महिने झाले. तुला सांगितलं असतं तर सगळ्या चाळीला कळलं असतं." मला ते जिव्हारी लागलं, पण खरंच होतं.

मी त्यांना गिरगावात फणसवाडीजवळ एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर त्यांनीच सुचवले होते. मला बाहेरच्या बाकावर बसवून ते एकटेच आत गेले. अर्ध्या तासाने डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "फार पुढे गेलंय, आता इलाज नाही. वाचन बंद." मी तिथेच रडायला लागले. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो मात्र बरोबर डोक्यावरच पडला, हे मला त्या वेळी जाणवलं नाही.

त्यानंतर आठ दिवसांत चाळीवर धाड पडली. भर दुपारी पोलीस आले आणि कुठेही न शोधता थेट भजनी मंडळाच्या खोलीत गेले. पेटीच्या खोक्याचा तळ उचकटला. आत पत्रकांचे गठ्ठे होते. चौघांना धरून नेलं. त्यात काकींचा मुलगा होता. पोलिसांना कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. चाळीला मात्र त्याच संध्याकाळी माहीत झालं होतं.

आम्हाला वाळीत टाकलं. कुणी जाहीर केलं नाही, तसं करावं लागत नाही. नळावर मी गेले की बायका हंडे उचलायच्या. गणपतीची वर्गणी मागायला कुणी दारात आलं नाही. काकींच्या आणि आमच्या मधल्या भिंतीत एक फळी निखळलेली होती, तिच्यातून वाटी-वाटीने किती वर्षं सार, उसळ, गोड काहीबाही इकडून तिकडे गेलं होतं. काकींनी ती फळी खिळे मारून बंद केली. प्रत्येक खिळ्याचा आवाज मी इकडे बसून ऐकला. मी सगळ्यांना सांगत सुटले, अहो, त्यांनी नकार दिलाय, त्यांना दिसत नाही, मी माझ्या कानांनी ऐकलंय. जितकं सांगावं तितकं लोक हसायचे. आंधळ्याचं सोंग, म्हणायचे.

आणि ते खरं आहे का हे बघायला एके दिवशी कुणीतरी गॅलरीत आमच्या दाराशी पाण्याने भरलेली बादली ठेवली. मी आतून पाहिलं तोवर उशीर झाला होता. आप्पा काठी टेकत आले, बादलीवर आदळले आणि तोंडावर पडले. गुडघा फुटला, पुढचा एक दात हलला. चार दारांतून माणसं बघत होती. मी जे तोंड सोडलं त्याला सुमार नव्हता. आप्पा जमिनीवर बसूनच म्हणाले, "माझीच चूक. हळू चालायला हवं होतं."

मी त्यांच्या मागे लागले. एकदा, फक्त एकदा गॅलरीत उभे राहून सांगा की मी नाही. तुमच्या तोंडून सांगा. ते म्हणाले, "नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो. मग कोण?" मी म्हटलं, येऊ दे. ते म्हणाले, "कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्या पोलीस साहेबांचा एक माणूस रोज चहा पीत बसतो. मला दिसत असतं तर त्यानं मला विचारलं असतं, मग कोण? त्यापेक्षा न दिसलेलं बरं." मी इतकी चिडले होते की आंधळ्या माणसाला कोपऱ्यावरचा माणूस कसा माहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या वर्षांत आमच्या घरात एकच गोष्ट नियमाने व्हायची. शाळेतून आले की मी आप्पांना पेपर वाचून दाखवायचे. त्यांना पेपराशिवाय चैन पडत नसे आणि आता मीच त्यांचे डोळे होते. पण मी सगळं वाचत नसे. कुठे खबऱ्याला लोकांनी मारल्याची बातमी असली, घरभेद्यांवर कुणी लिहिलेलं असलं, की मी ते गाळायचे आणि तिथे मनाचंच काहीतरी घालायचे. भाज्या आल्या, भाव उतरले, साताऱ्याकडे पाऊस चांगला. आप्पा मान हलवायचे. एकदा तर म्हणाले, "यंदा साताऱ्याला पाऊस फारच म्हणायचा." मी दचकले, पण त्यांचा चेहरा सरळ होता.

लालबागमधून तेव्हा एक दोन पानांचं साप्ताहिक निघायचं. एकदा त्यात आमच्या चाळीबद्दल छापून आलं. नाव नव्हतं, पण गरजही नव्हती. 'गोऱ्यांच्या मिठावर वाढलेला एक पेन्शनर म्हातारा आंधळेपणाचं ढोंग करून आमच्या पोरांना तुरुंगात धाडतो. त्याच्या तिरडीला या चाळीतलं लाकूडही मिळू नये.' कुणीतरी तो अंक मुद्दाम आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवला होता. आप्पा ऐकत बसले होते. मी कागद उघडला, वाचला, घसा साफ केला आणि म्हटलं, "लालबागात नवीन वाचनालय निघतंय म्हणे." आप्पा म्हणाले, "चांगलं आहे की." मी तो अंक चुलीजवळच्या रद्दीत खुपसला. दुसऱ्या दिवशी जाळायला शोधला तर सापडला नाही. मला वाटलं, रद्दीवाल्याकडे गेला असेल.

ते चौघं काही महिन्यांनी सुटून आले. गुलाल उधळला, ओवाळणी झाली. आमचं दार बंद होतं. काकींचा मुलगा नंतर गॅलरीत समोर आला की खाली मान घालून जायचा. मला तो राग वाटायचा.

मराठी राज्य होणार हे ठरल्यावर चाळीत कंदिलांची तयारी सुरू झाली, त्याच सुमारास आप्पा गेले. सकाळी दहाच्या सुमाराला, खुर्चीत, भिंतीला पाठ लावून. शिवडीला गोदामात काम करणारे माझे मामा आपल्या दोघा सोबत्यांना घेऊन आले. म्हणजे तिघं झाले. बांबू आणायलाही मामाच गेले.

एक खांदा कमी होता. मी पदर खोचला आणि गॅलरीत निघाले. प्रत्येक दारापुढे उभी राहून म्हटलं, "सुभेदार गेले. एक खांदा कमी आहे." तिन्ही मजले फिरले. काही दारं आधीच लागलेली होती, काही माझ्यासमोर लागली. काकींच्या दारात मी दोनदा म्हटलं. आत पावलांचा आवाज झाला, भांडं पडल्यासारखं काही वाजलं, मग कडी लागली. मी त्या दारावर थुंकले. हे सांगायला मला लाज वाटते, पण थुंकले.

मी म्हटलं, चौथा खांदा मी देते. मामा म्हणाले, "जिना अरुंद, तुला जमायचं नाही, ते पडतील." मामांनी म्युनिसिपालटीची गाडी मागवली. आप्पांना चादरीत उचलून खाली नेलं आणि गाडीत ठेवलं. दार लावताना मी मागे वळून चाळीकडे पाहिलं. गॅलऱ्या रिकाम्या होत्या.

त्यांची ट्रंक उघडायला मला दीड महिना धीर झाला नाही. राज्य झालं त्या दिवशी चाळ उजळली होती, खाली ढोल वाजत होते, पेढे वाटत होते. मला त्या आवाजात नुसतं बसवेना, म्हणून ट्रंक ओढली. वर्दी, पदक, डॉक्टरांचं एक जुनं पत्र. 'आपल्या पलटणीची आठवण ठेवून तुमचं काम केलं, पण पोरीला किती दिवस फसवणार?' एवढंच त्यात होतं. त्याखाली चष्मा, काचा लख्ख पुसलेल्या. आणि चष्म्याखाली तो दोन पानांचा अंक, नीट घडी घातलेला. आमच्यावरच्या मजकुराच्या कडेला पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. आप्पांचं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं.

'पोरीने हे वाचले नाही. बरे केले.'

त्यांना बादली दिसली होती. चहाचा कप दिसला होता. साताऱ्याचा पाऊस, लालबागचं वाचनालय, सगळं त्यांना दिसत होतं. तीन वर्षं माझे आप्पा डोळे मिटून माझं खोटं ऐकत होते, आणि मला खरं सांगत नव्हते, कारण मला सांगणं म्हणजे चाळीला सांगणं. मी तोंडात पदर कोंबून रडले.

दारात कुणीतरी आलं. काकी होत्या, हातात पेढ्यांची बशी. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्यापाशी आल्या होत्या. आत या म्हणण्याइतकी मी चांगली नव्हते. त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला आणि विचारलं, "काय ता?"

काकींना वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचलं. पहिल्या ओळीपासून, ढोंग, तिरडी, लाकूड, काही न गाळता. मग कडेची ती ओळ वाचली. मग चष्मा त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "दिसत होतं त्यांना. दिसत असून नाही सांगितलं."

काकी उंबऱ्यावरच खाली बसल्या. बशी त्यांच्या मांडीवर होती. खाली ढोल चालूच होते. मग त्या म्हणाल्या, "आमचो झील तुरुंगात आयकान इललो. तो सायब वैतागान म्हणा होतो, तुमचो म्हातारो आंधळो निघालो, नायतर तुमका आदीच धरलो असतो. घराक येवन माका बोललो, आये, सुभेदारान नाय सांगलेला. मिया इश्वास ठेवक नाय."

मी चष्मा कागदावर ठेवला.

"त्या दिसाक तू दारात इलंस मां," काकी म्हणाल्या, "तेव्हा तो जेवणावरसून उठललो गो. खांद्याक येवक. चाळ काय म्हणात, म्हणान मियाच कडी घातलंय."